जुनी शेड, नवी शेड

आमच्या कंपनीच्या मुंबईच्या साहेबांना रोह्याला यायचा भारी कंटाळा. रस्त्यावरचे खड्डे, कारखान्याचा वास, आणि एवढं करून पोचलं की कामगारांची गाऱ्हाणी ऐकायची. म्हणून नव्व्याण्णव साली त्यांनी व्हिडिओचे सेट बसवून घेतले. कॅमेरा, माइक आणि टीव्ही मिळून एक सेट. रोह्याच्या कारखान्यात एक जुन्या शेडमध्ये, एक नव्या शेडमध्ये, एक मॅनेजरच्या केबिनमध्ये. मग एक मुंबईला आणि एक आमच्या पेणच्या ऑफिसात, रामवाडीला. आता साहेब मुंबईत खुर्चीत बसून शेडमधल्या माणसाला विचारू शकत होते की काल माल कमी का निघाला, आणि तो बिचारा घाम पुसत टीव्हीतल्या साहेबांना उत्तर देत होता.

मी विमल. पेणच्या ऑफिसात डिस्पॅचचं टेबल माझं. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. त्यामुळे हे मी गोड करून सांगणार नाही.

सेटांचा सगळा कारभार आमच्या पेणच्या ऑफिसातून चालायचा आणि तो हितेशच्या हातात होता. हितेश खारेपाटातला, मिठागरवाल्यांच्या घरातला, स्वतःच्या हिमतीवर कॉम्प्युटर शिकलेला. पोरगा हुशार, पण हुशारीची हवा डोक्यात गेलेली. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळ्या सेटांची नावं एकाखाली एक दिसायची. सेट चालू असला की नावापुढे हिरवा ठिपका, बंद असला की लाल. नावावर माउस दाबला की त्या सेटचं चित्र आमच्या टीव्हीवर यायचं. एका वेळी एकच चित्र, कारण लाइन तेवढीच होती.

"विमलताई, मला रोह्याला जायाची गरजच नाय," हितेश म्हणायचा. "सेट कुठं पन नेऊन लावा, माझी मशीन त्याला हुडकून काढते."

ते खरंच होतं. सेट पहिल्यांदा लावला तेव्हा त्याने प्रत्येकाच्या पोटात त्याचं नाव भरून ठेवलं होतं. तार जोडली, बटण दाबलं की सेट आपलं नाव सांगायचा आणि कॉम्प्युटर ते यादीत हिरवं करायचा. सेट चालू आहे एवढं त्या कॉम्प्युटरला कळत होतं. तो कुठल्या भिंतीवर आहे ते त्याला कसं कळणार? आणि बाहेरून सेटवर नाव लिहायची हितेशला गरज वाटली नव्हती. जुळ्या भावांसारखे दोन सेट, एक या शेडमध्ये, एक त्या शेडमध्ये.

मग खंडेनवमी आली. रोह्याच्या कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद. पाने, वजनकाटे, कटर, पंप, हलवता येईल ते सगळं कॅन्टीनमध्ये आणून चादरीवर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढीच त्यामागची भावना. त्या वर्षी शिवादादा म्हणाले, हे नवे सेट पण आता कारखान्याचेच, त्यांना का वगळायचं? शिवादादा तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, त्यांचा शब्द कोण मोडतो. दोन्ही शेडमधले सेट खाली उतरवले, पुसले, चादरीवर शेजारी शेजारी ठेवले. संध्याकाळी पूजा उचलल्यावर ते परत नेऊन लावले.

लावले ते उलटे. जुन्या शेडचा नव्या शेडमध्ये गेला आणि नव्याचा जुन्या शेडमध्ये. कुणाच्या हातून, ते कुणालाच आठवत नाही, कारण कुणाला ती आठवण ठेवण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती.

इकडे पेणला दिवसभर दोन्ही ठिपके लाल बघून हितेश कावराबावरा झाला होता. रोह्याला फोन लावला तेव्हा पूजेचं कळलं आणि तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑफिसात आलो तर दोन्ही ठिपके हिरवे. "बघा," तो म्हणाला, "कोनी काय सांगायला नको, आपोआप सापडले." पुढे मुंबईचे साहेब परदेशी गेले, त्यामुळे सेट लावून कुणाशी बोलायची वेळच आली नाही. आणि चित्र लावलं असतं तरी आम्हाला काय कळणार होतं? दोन्ही शेडमध्ये त्याच हिरव्या टाक्या, त्याच पांढऱ्या भिंती, एकच दार. आम्ही पेणवाल्यांनी त्या शेड टीव्हीतच बघितल्या होत्या. हितेशसुद्धा सेट बसवले त्या दिवशी गेला, तेवढाच.

माझ्या शेजारच्या टेबलावर दिपिका बसायची. बिलं करायची. तिचा नवरा निलेश रोह्याच्या कारखान्यात होता. दोघं राहायला जित्याला, सासूबरोबर. सकाळी दोघं एकत्र निघायची, ती पेणला उतरायची आणि तो पुढे रोह्याला जायचा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. कधी कधी हितेश तिची फिरकी घ्यायचा, "वहिनी, दाखवू का निलेशभाऊंना टीव्हीवर?" आणि ती लाजून फायलीत डोकं घालायची.

दिवाळी तोंडावर आलेली, दुपारची जेवणं झालेली. फोन वाजला. रोह्याच्या गेटवरून शिफ्टचे साहेब बोलत होते आणि बोलत कसले, ओरडत होते. दोन्ही शेडच्या मधून जाणारा अमोनियाचा पाइप फुटला होता. वायू दोन्हीकडे भरत होता. सगळी माणसं बाहेर पळाली होती. गेटवर नावं पुकारली तर एक जण कमी. निलेश.

दिपिका उभी राहिली. तिने टेबल घट्ट धरलं.

निलेश त्या दिवशी दोन्ही शेडमध्ये पिंपं पोचवत होता, त्यामुळे तो नेमका कुठल्या शेडमध्ये अडकला ते गेटवरच्या कुणालाच सांगता येईना. मॅनेजरची केबिन वाऱ्याच्या तोंडावर, ती आधीच रिकामी केलेली, म्हणजे तिथला सेटही उपयोगाचा नाही. श्वासाचे मास्क दोन होते, पाठीवर बाटली लावायचे. त्यातली एक बाटली रिकामी निघाली. ती शेवटची कधी भरली होती ते देवाला ठाऊक, आणि देवाला विचारायला कुणी गेलं नव्हतं. उरलेल्या बाटलीत एका माणसाला एकदा आत जाऊन बाहेर येण्यापुरतीच हवा. शिवादादा मास्क चढवून तयार उभे होते. कुठल्या दारातून जायचं एवढंच त्यांना कुणीतरी सांगायचं होतं.

"तुमच्याकडं चित्र दिसतंय ना? बघून सांगा तो कंच्या शेडमधी हाय!" साहेब फोनवर म्हणाले.

हितेशने 'नवी शेड' दाबलं. रिकामी शेड. टाक्या, भिंत, बंद दार, माणूस कुणी नाही. त्याने 'जुनी शेड' दाबलं.

निलेश दिसला. भिंतीपाशी जमिनीवर पडलेला, एक पाय आडव्या पिंपाखाली अडकलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण मान हलत होती. चित्राच्या खाली इंग्रजी अक्षरांत नाव होतं, जुनी शेड.

"जुन्या शेडमधी हाय!" हितेश फोनमध्ये किंचाळला. "जिता हाय! शिवादादांना जुन्या शेडमधी पाठवा!"

ऑफिसात आम्ही सगळ्या रडायला लागलो. सुटलो असं वाटलं, खरंच सांगते. त्या क्षणी मी मनातल्या मनात हितेशचे सगळे तोरे माफ केले.

दिपिका कॅमेऱ्यासमोर गेली. तिकडे निलेशच्या डोक्यावरच्या टीव्हीत ती दिसली असणार, कारण त्याने मान वळवली आणि वर बघितलं.

"दिपे," तो म्हणाला. पुढे खोकल्याची उबळ आली. सगळं अंग हललं.

फोनवर साहेब सांगत होते, "त्याला बोलू देऊ नका! जेवढा बोलेल तेवढा वायू आत जाईल. तोंडावर कापड धरायला सांगा. अमोनिया वर चढतो, त्याला खालीच राहू दे. बोलायचं नाय, अजिबात नाय!"

सल्ला बरोबर होता. आजही मी म्हणेन की बरोबर होता.

"आवो, बोलू नका," दिपिका म्हणाली. "सदरा काढा नि तोंडावर धरा. शिवादादा निघालेत. दोन मिंटात तुमच्याजवळ येतील. तुमी गप पडून ऱ्हावा."

त्याने सदरा काढून नाकातोंडावर धरला. डोळे मिटले, उघडले. ती त्याच्याशी बोलत राहिली. आईने सकाळी तांदळाच्या भाकऱ्या केल्यात, संध्याकाळी वालाची आमटी करते, सुटीत माझ्या माहेरी जाऊ. असलंच काहीबाही. माझ्या बाईचा आवाज फुटला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि तिचा आवाज घरात बसून बोलावं तसा.

मध्येच निलेशने सदरा खाली घेतला आणि तोंड उघडलं. दिपिकाने ओठांवर बोट ठेवलं. "श्श. नाय बोलायचं. माझ्या गळ्याची शपथ हाय तुम्हाला." त्याने सदरा परत वर नेला. थोड्या वेळाने एक हात उचलला, आमच्याकडे नाही, बाजूला कुठेतरी. तिला वाटलं तो निरोपाचा हात हलवतोय. "हात नका हलवू, आलेत ते, दारात आलेत," ती म्हणाली.

हितेशने फोनवर विचारलं, "शिवादादा पोचले का?"

"आत गेला कवाच!"

आम्ही चित्रातल्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"आत गेलेत?" हितेशने पुन्हा विचारलं.

"आरं गेला म्हणतो ना!"

दार बंदच. निलेश त्या दाराकडे बघत होता, आम्हीही बघत होतो. कुणी येईना. हितेश म्हणाला, दुसऱ्या बाजूने गेले असतील. साहेब म्हणाले, शेडला दुसरी बाजू नाय, दार एकच हाय. मला काही कळेना. आपण कुठेतरी फार मोठं चुकतोय आणि कुठे ते कुणालाच दिसत नाही, असं वाटलं.

मग फोनवर गलका ऐकू आला. शिवादादा बाहेर आले होते. बाटलीतली हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागल्यावर त्यांना यावंच लागलं.

"जुन्या शेडमधी कोन नाय," साहेब म्हणाले. "शिवानं कोपरान् कोपरा पालथा घातलाय. कोन नाय तिथं!"

"आवो मला समोर दिसतोय तो!" हितेशने टीव्हीवर हात आपटला. "हा बघा, भिंतीला पडलाय! नीट बघायला सांगा!"

"तुला दिसतोय ना? मग तू ये नि काढ त्याला!"

दोघं फोनवर भांडत राहिले. जुनी शेड, जुनी शेड, जुनी शेड. एकाच्या समोर ते नाव लिहिलेलं आणि दुसऱ्याच्या माणसाने ती शेड डोळ्यांनी बघितलेली. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते. आणि त्या सगळ्या वेळात ज्याला विचारायचं तो आमच्यासमोर जिवंत पडलेला होता, त्याला आमचं ऐकू येत होतं, त्याला बोलता येत होतं, आणि आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. नाव समोर लिहिलेलं असताना कोण विचारतं?

दिपिकालाच ते सुचलं. ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"आवो, आयका ना. सदरा काढा तोंडावरचा. बोला. कुठं हाव तुमी?"

त्याला सदरा बाजूला करायलाही जमेना. तो आपोआप घसरला. चेहरा सुजलेला, ओठ पांढरे पडलेले. त्याने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नवल होतं.

"नव्या शेडमधी," तो म्हणाला. "तुला म्हाइत नाय?"

हितेशने फोनमध्ये ते सांगितलं की नाही मला आठवत नाही. सांगितलंच असणार, कारण पलीकडे पळापळ ऐकू आली. हवेची बाटली संपलेली. शिवादादांनी गोणपाट पाण्यात बुडवून तोंडाभोवती गुंडाळलं आणि तसेच धावले. चित्रातलं दार उघडलं तेव्हा आमच्यातली एक जण "आले, आले" म्हणून ओरडली. शिवादादा डोळे मिटून भिंत चाचपत आले. पिंप ढकललं. निलेशच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, तेव्हा त्याची मान मागे पडली आणि हात जमिनीवरून घासत गेला. त्या हाताने कशालाच धरलं नाही.

हितेश चित्र बंद करायला गेला. दिपिकाने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. शिवादादा निलेशला घेऊन दाराबाहेर जाईपर्यंत ती बघत राहिली. मग रिकामी शेड राहिली, आडवं पिंप, पडलेला सदरा. खाली नाव तेच आणि नावापुढे ठिपका हिरवा.

रोह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला होता. शिवादादांचे डोळे वाचले, पण पूर्वीसारखे राहिले नाहीत. आता त्यांना समोर कोण आलंय ते आवाजावरून ओळखावं लागतं.

नंतर कंपनीने चौकशी केली आणि नोटीस लावली. कामगारांनी परवानगी न घेता उपकरणं पूजेसाठी हलवली, त्यामुळे गोंधळ झाला, यापुढे सेटांची पूजा करू नये. वाचून माझं डोकंच फिरलं. पूजा करणाऱ्यांनी सेट हलवले, हो. पण रिकामी बाटली पूजेने रिकामी झाली नव्हती. पाइप पूजेने सडला नव्हता. आणि पेणमध्ये बसून रोह्याचा कारभार हाकायचा शौक शिवादादांना नव्हता. मी ती नोटीस फाडली. कुणी मला विचारलं नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं.

हितेश दुसऱ्या दिवशी रोह्याला गेला. दोन्ही सेटांवर त्याने रंगाने मोठ्या अक्षरांत नावं लिहिली आणि मग नव्या शेडच्या दारात बसून राहिला. त्याला उठवून स्टेशनवर आणावं लागलं. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. मी त्याला शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, पण त्याचं तोंड बघून एकही देता आली नाही.

दिवस झाल्यावर मी दिपिकाला भेटायला जित्याला गेले. तिची सासू बायजाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. कोरडे डोळे, हात चालू. दिपिका बाजूला भिंतीला टेकून. मी बसले. पाणी आलं, चहा आला.

मग बायजाबाईने मान वर न करता विचारलं, "त्यो टीवीत तुझ्याशी बोलला ना गो? लोका सांगतात. शेवटाला काय बोलला?"

वाटेतच मला भीती होती की हे कधीतरी विचारलं जाईल. मी दिपिकाकडे बघून डोळ्यांनी खुणावलं. सांग काहीतरी. आईची आठवण काढली म्हणून सांग, काळजी घ्या म्हणाला म्हणून सांग. म्हातारीला उराशी धरायला काहीतरी दे, खोटं का होईना. मीच सांगणार होते, शब्द ओठांवर आले होते.

दिपिका म्हणाली, "आये, त्यांना बोलायचा होता. दोनदा तोंड उघडला त्यांनी. मीच त्यांना गप केला. माझ्या गळ्याची शपथ घातली."

बायजाबाईचे हात थांबले. सोललेले वाल सुपात पडलेले होते, त्यांच्याकडे ती बघत राहिली.

"नि मंग?"

"मंग ते गप ऱ्हायले. मी विचारीपर्यंत गप ऱ्हायले."

मला वाटलं आता म्हातारी तिला बोल लावणार. लावला असता तरी मी काय म्हणणार होते? पण बायजाबाईने नुसती मान हलवली.

"जल्माचा हट्टी पोर," ती म्हणाली. "बापाचा आयकला नाय, माजा आयकला नाय, कवा कोनाचा आयकला नाय त्यानं. तुजा आयकला गो."